बाह्य गोंगाट

“पुन्हा दादा म्हणाली! बघ, पाचव्यांदा!”

रेकॉर्डिंगच्या खोलीची मधली भिंत प्लायवूडची होती. पलीकडून वरद कुंभोजकरची कुरकूर इतक्या जवळून आली, की इंदुमतीला वाटलं हा आपल्याच खांद्यावर हनुवटी टेकून बोलतोय.

“दोन टोपल्या आंबे दिले हिला. वाघाच्या जबड्यातून ओढून काढली. हिच्या लंगड्या तट्टाला तीन दिवस पाल्याचा लेप लावला. आणि ही म्हणते काय, तर ‘दादा, तुमचे उपकार कसे फेडू?’ अगं फेड की बाई! मी अडवलंय का?”

इंदुमती पाटोळेने पदर तोंडावर धरून हसू दाबलं. वरद ज्या बाईवर चिडला होता ती सगुणा, आणि सगुणा म्हणजे निदान आवाजापुरती चोपन्न वर्षांची इंदुमतीच. आकाशवाणीच्या श्रुतिका, डब केलेल्या मालिका, केसांच्या तेलाच्या जाहिराती असं सगळं करून झाल्यावर तिच्या भाचीने, केतकीने, तिला सांगलीतल्या या गेमच्या कंपनीत आणलं होतं. ‘घाटवाट’ नावाचा गेम. खेळणाऱ्याने बाई व्हायचं की पुरुष ते निवडायचं, मिठाचा तांडा घेऊन सह्याद्री उतरायचा, आणि वाटेत चार सोबती जोडायचे. सोबती भांडतात, रुसतात, जीव वाचवतात, आणि जमलंच तर जीव लावतातही. सगुणा ही त्यांतली वाटाडी. विकायच्या आधी गेम शंभरदा खेळून चुका काढणं हे वरदचं काम. थोडक्यात, कुरकूर करणं ही त्याची नोकरीच होती.

“आम्ही सगळे पुरुष टेस्टर तिचे दादा,” तो म्हणाला. “आता राखी तेवढी बांधायची राहिलीये.”

“मला नाही म्हणाली काही,” हा अस्मिताचा आवाज. ती शेजारच्या खुर्चीतली टेस्टर.

“तू बाई होऊन खेळतेस. तुला दादा कशाला म्हणेल?”

“तसं नव्हे रे. थंडीत तिने मला स्वतःची घोंगडी दिली. आणि स्वतः कुडकुडत बसली.”

पलीकडे वरदची खुर्ची करकरली.

“म्हणजे?” वरदने विचारलं.

“म्हणजे काही नाही. घोंगडी दिली एवढंच सांगतेय.”

इंदुमतीच्या तोंडावरचा पदर तिथेच राहिला, पण त्यामागचं हसू गेलं होतं.

*

पूर्वीच्या गेममधलं प्रेम म्हणजे निव्वळ बाजारहाट होता. भेट दिली की गुण वाढायचे आणि शंभर गुण झाले की सोबती प्रेमात. कुणाच्या, ते एकतर लेखक आधीच ठरवून ठेवायचा, नाहीतर कुणीच ठरवायचं नाही. समोर जो असेल, बाई असो की पुरुष, त्याच्या. कंपनीच्या मागच्या गेममधले चारही सोबती या दुसऱ्या जातीचे होते. कुणालाच नकार नको, सगळ्यांची सोय व्हावी, हा हेतू चांगलाच होता. पण खेळणाऱ्यांनी पत्रं लिहिली, की हे सोबती नव्हेत, हॉटेलातले वेटर आहेत. तुम्हाला काय हवं ते विचारतात, स्वतःला काय आवडतं ते कधी सांगत नाहीत.

म्हणून या वेळी सोबत्यांचं काम बघणाऱ्या केतकीने हट्टाने ‘गाभा’ आणला होता.

गाभा असा तयार होतो. एका खऱ्या माणसाला दोनशे तास बोलतं करायचं. मनगटावर पट्टी, गळ्याशी एक पातळ चकती, डोळ्यांसमोर कॅमेरा. यंत्राला शब्दांशी देणंघेणं नसतं. शब्दाच्या आधी जे घडतं तेवढंच ते शिकतं. श्वास कुठे अडला, कुठल्या नावापाशी नाडी पळाली, कशावर हसू आलं, कुठे हळूच विषय बदलला. त्यातून जो कल उमटतो तो गाभा. तो मग तीनशे वर्षांपूर्वीच्या वाटाडीत घाला नाहीतर चंद्रावरच्या डॉक्टरात. बोलणं नवं असतं, कल तोच. शिसवीच्या लाकडाची पळी करा की बाहुली, रेषा लाकडाच्याच दिसणार.

अडचण इंदुमतीची होती. शंभर माणसांसमोर बोलणारी ही बाई कॅमेऱ्यासमोर मुकी झाली. “भिंतीशी कसं बोलू गं? समोर कुणीतरी हं म्हणणारं पाहिजे,” ती म्हणाली होती.

“मग आण कुणालातरी,” केतकी म्हणाली.

तिने बकुळाला आणलं.

बकुळा शिरगुप्पे मार्केट यार्डात हळदीची प्रतवारी करायची. हळकुंड मोडताना होणारा आवाज ऐकूनच ते कुठल्या गावचं ते सांगायची. यार्डातलं काम उरकून ती पिवळ्या बोटांनी इथे यायची, समोर बसून पावटे सोलायची, आणि “हं”, “मग?”, “खोटं नको सांगू” एवढं तीनच प्रकारचं बोलायची. त्या तिन्हींच्या जोरावर इंदुमती एकशे चाळीस तास बोलली. उरलेले साठ तास बकुळा गावी गेली होती तेव्हा कॅमेऱ्यासमोर कसेबसे काढलेले.

विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत दोघी बावीस वर्षं एकत्र राहत होत्या. पाटोळ्यांच्या घरात याला शब्द नव्हता. केतकी लहानपणापासून ‘बकुळमावशी’ म्हणायची. तासगावचे बापू, म्हणजे इंदुमतीचे ब्याऐंशी वर्षांचे वडील, ‘तुझी ती मैत्रीण’ म्हणायचे. आणि धाकटा भाऊ जालिंदर, केतकीचा बाप, म्हणायचा, ‘तुमचं जे काही आहे ते.’ दिवाळीचं बोलावणं असलं तरी, “ताई, या दोघी. म्हणजे तू, आणि तुमचं जे काही आहे ते बघून.”

*

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक प्रसन्न तगारे यांनी इंदुमतीला केबिनमध्ये बोलावलं. केतकी आधीच बसली होती, नजर टेबलाच्या कडेला लावून.

“इंदूताई, तुमचं काम फर्स्टक्लास आहे,” तगारे म्हणाले, आणि इंदुमतीने ओळखलं की पुढे ‘पण’ येणार. “पण सगुणाच्या गाभ्यात थोडा दोष निघालाय. ती पुरुष प्लेयरशी जुळतच नाही. आधी आम्हाला वाटलं, कुणाला काय हाक मारायची त्या यादीत गडबड झाली. दादा हा शब्दच काढून टाकला. तर ती भाऊ म्हणायला लागली. तोही काढला, तर काहीच न म्हणता तट्टाला पाणी दाखवायला निघून गेली.”

“हुशार आहे,” इंदुमती म्हणाली.

केतकीच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला. “आत्या, कारण रेकॉर्डिंगमध्ये आहे. बकुळमावशी समोर होती ते तास आणि नव्हती ते तास यांत फरक येतोय.”

“कसला फरक?”

“फरक म्हणजे… फरक.”

तगाऱ्यांनी घाईने एक कागद पुढे सरकवला. “मला कुणाच्या खासगीत शिरायचं नाहीये. म्हणूनच हा मार्ग. नियमाप्रमाणे गाभ्याला हात लावायचा तर तुमची सही लागते. रेकॉर्डिंगच्या वेळी दुसरी व्यक्ती हजर असल्यामुळे नोंदी बिघडल्या, असं तुम्ही लिहून द्यायचं. ते एकशे चाळीस तास आम्ही पुसतो आणि साठ तासांवर गाभा पुन्हा वाढवतो. चाचणीपुरता करूनही पाहिलाय. सगळ्यांना हो म्हणतो, काही त्रास नाही. गुरुवारी गेममधले बदल कायमचे बंद करून तो विक्रीला पाठवायचाय.”

इंदुमतीने कागद वाचला. मधोमध एक ओळ होती. ‘वगळण्याच्या भागाचे कारण: बाह्य गोंगाट.’

“गोंगाट कोण?”

“ते छापील आहे हो. कुत्रं भुंकलं तरी तेच लिहितात.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर सगुणा अशीच जाईल,” केतकी म्हणाली. “गाभा देणाऱ्याचं नाव पहिल्याच पडद्यावर येतं. कायदाच आहे तसा. सगुणा, गाभा इंदुमती पाटोळे. आणि आता लोकांना माहीत असतं, आत्या, की कल लिहिलेला नसतो. तो…” ती थांबली. “बापू नाही गेम खेळणार. पण तासगावातली पोरं खेळतील.”

“मला तुमची नवी सगुणा दाखव,” इंदुमती म्हणाली.

दाखवली. वरद खेळत होता. त्याने एक आंबा दिला आणि साठ तासांच्या गाभ्याची सगुणा त्याच्या प्रेमात पडली. अस्मिताने तोच आंबा दिला, तिच्याही पडली. मधे वरदने मुद्दाम तिची थट्टा केली, तर तिने उलट टोमणा मारला नाही, नुसती गोड हसली. वाघ आला तेव्हा नीट पळालीसुद्धा नाही.

“थट्टेचं काय झालं?” इंदुमतीने विचारलं. “आंब्याला आंबट म्हणायची ना ही?”

“ते वेगळं काढता येत नाही,” केतकी हळू आवाजात म्हणाली. “थट्टा, धीटपणा, ओढ, सगळे धागे एकातच वळलेत. एक उपसला की बाकीचे सैल पडतात.”

इंदुमतीने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. “गुरुवारी सांगते.”

*

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने बकुळाला सगळं सांगितलं. बकुळा ओट्याशी टेकून “हं” म्हणत होती. कागद तिने हात धुऊन, पुसून मग वाचला.

“मग? कर की सही.”

“तुला गोंगाट म्हटलंय त्यात.”

“यार्डात लिलावाला उभी राहून पंचवीस वर्षं गोंगाटच करतीय मी. खोटं कुठं हाय?”

“चेष्टा नको करूस, बकुळे.”

“चेष्टा न्हाई. तुझं नाव पडद्यावर येणार, तासगावात चर्चा होणार, बापूंच्या कानावर जाणार. आणि कशासाठी? एका गेमातल्या बाईला एक बाप्या आवडत न्हाई म्हणून?” तिने कागद पुन्हा घडीवर घडी घालून ठेवला. “आपलं काय अडलंय?”

तेवढ्यात जालिंदरचा फोन आला. केतकीने घरी सांगितलं असावं.

“ताई, सही करून टाक. केतकीची पहिलीच मोठी जबाबदारी आहे. आणि हे बघ, तुमचं जे काही आहे, त्याला आम्ही कधी नाव ठेवलं का?”

“नाही,” इंदुमती म्हणाली. “ठेवलं असतंत तर बरं झालं असतं. निदान काहीतरी नाव असतं त्याला.”

तव्यावरची भाकरी करपली. बकुळाने ती उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि विषय काढला तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीचा. दोघी त्यावर पाऊण तास बोलल्या.

*

बुधवारी सकाळी इंदुमतीने अस्मिताच्या शेजारची खुर्ची ओढली. “मला शिकव. मी खेळते. जुनी सगुणा लाव, ते एकशे चाळीस तास असलेली.”

“तुम्ही? काकू, बोटं दुखतात हं याने.”

“चाळीस वर्षं माइकपुढे उभी राहिलेय. टाचा दुखवून झाल्या, आता बोटं.”

ती तिच्याच वयाची बाई होऊन खेळली. तासाभरात तांडा दोनदा दरीत घातला. तिसऱ्यांदा सगुणेने तिचा हात धरून तिला कड्यावरून पार केलं आणि म्हणाली, “डोळे कपाळाला लावलेत का तुमचे?” इंदुमती खो खो हसली. आपलाच टोमणा आपल्यालाच लागण्यात एक वेगळीच मजा असते.

दुपारपर्यंत सगुणेने तिच्या वहाणेचा तुटलेला अंगठा शिवून दिला होता. वाटेत चांगलं पाणी लागलं की आधी तिला द्यायची. रात्रीच्या मुक्कामाला तिची पाळीही स्वतःच करायची आणि सकाळी, झोपच नव्हती येत, म्हणायची. शेवटी तांडा घाटमाथ्यावर पोचला. पुढे दोन वाटा फुटत होत्या. सगुणा जवळ आली. शेजारच्या दगडावर बसली.

“आता बघा हं,” अस्मिता पुटपुटली.

सगुणेने श्वास घेतला. तिच्या बोटांनी घोंगडीची दशी पिळली. मग ती म्हणाली, “त्या खालच्या गावातली विहीर यंदा आटली म्हणे,” आणि विहिरीबद्दल बोलत राहिली.

“हे असंच होतं,” अस्मिता म्हणाली. “वरदला वाटतं, बायकांशी हिचं मस्त जुळतं. कुठलं काय! सगळं करते ही. जीव टाकते. आणि तोंडाने म्हणून काही बोलत नाही. मी अठरा वेळा इथपर्यंत आलेय, काकू. अठरा वेळा विहीर. मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, कारण… म्हणजे, केतकीताईच म्हणाल्या, आत्ता नको.”

इंदुमती पडद्याकडे बघत राहिली. यंत्राने तिचा कल घेतला होता, टोमणे घेतले होते, आणि पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलण्याची तिची कलाही इमानेइतबारे उचलली होती. दोनशे तासांत जे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही ते यंत्र आणणार कुठून? आणि दोनशे तासांचं कशाला, बावीस वर्षांचंच बोलायचं.

सगुणा अजून विहिरीबद्दल सांगत होती. चांगली, शूर, वाघाला न घाबरणारी बाई. इंदुमतीला तिचा इतका राग आला की तिने हातातला कंट्रोलर टेबलावर आपटला.

“केतकी कुठे आहे?”

*

गुरुवारी अकरा वाजता तिने तगाऱ्यांच्या टेबलावर तो कागद सही न करताच ठेवला.

“सही करणार नाही. माझं नाव राहील, सगुणा आहे तशी राहील.”

“अहो पण इंदूताई, मग तिची गोष्ट पुरी होत नाही! केतकीने काल सांगितलं मला. पुरुषांना दादा आणि बायकांना विहीर. याला शेवट कुठाय?”

“शेवट देते मी. रेकॉर्डिंगची खोली उघडा. चार वाजेपर्यंत वेळ आहे ना?”

केतकी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कामाचा होता. “आत्या, अभिनय चालणार नाही त्याला. ठरवून बोललेलं वाक्य यंत्र ओळखतं आणि टाकून देतं. आणि मी काचेपलीकडे असणार. तगारेसरही. कायद्याने दोन जण लागतात.”

“असा की. बकुळेला फोन केलाय, येईल ती.”

बकुळा लिलाव अर्धा सोडून आली. पिवळी बोटं, कपाळावर हळदीचाच एक पट्टा, आणि चेहऱ्यावर दवाखान्यात बोलावल्यासारखी काळजी. तिला समोर बसवलं. इंदुमतीच्या मनगटाला पट्टी, गळ्याशी चकती. काचेपलीकडे केतकी आणि तगारे.

“काय करायचंय?” बकुळाने विचारलं.

“तू काही नाही. बस.”

इंदुमतीने घसा साफ केला. “माझा जीव आहे तुझ्यावर.”

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘अभिनय.’

पुन्हा, अगदी हळू, आवाजात थोडा कंप आणून. ‘अभिनय.’

तिसऱ्यांदा डोळे मिटून. बकुळा म्हणाली, “चांगलं म्हणालीस की आता.” पडद्यावर ‘अभिनय.’

“आत्या,” स्पीकरमधून केतकीचा आवाज आला, “केसांच्या तेलासारखं वाटतंय गं.”

इंदुमतीने कपाळावर हात मारला. चाळीस वर्षांत तिने डझनभर नायकांवर जीव टाकला होता, दोन राजपुत्रांसाठी विष घेतलं होतं, एका पोलीस निरीक्षकासाठी नदीत उडी मारली होती. सगळं एका टेकमध्ये. आज सातवा टेक झाला, आठवा झाला. ‘अभिनय, अभिनय.’ तगाऱ्यांनी काचेपलीकडे घड्याळाकडे बघितलं आणि बकुळाने ते पाहिलं.

ती उठली. “मी बाहेर बसते.”

“का?”

“माझ्यामुळंच अडतंय सगळं. पयल्यापासनं. तो कागद आण, सही कर. केतकीची नोकरी हाय, बापू हायत. बावीस वर्षं काय कमी पडलंय आपल्याला? मी काय, आज बी हं म्हणणार, उद्या बी हं म्हणणार. मला कुणी काय म्हणू दे.”

“खाली बस.”

“इंदू, लोक बघतायत.”

“बघू देत. बस खाली, बकुळे!” इंदुमतीचा आवाज फाटला. तो तिच्या कुठल्याच श्रुतिकेतला आवाज नव्हता. “म्हणे कमी काय पडलं. मागच्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? आणि मी काय म्हणाले, माहितीये? शेजारीण. शेजारीण म्हणाले मी! तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तुझी भूल उतरत होती, तू आतून माझ्या नावाने हाका मारत होतीस, मला बाहेर ऐकू येत होत्या, आणि शेजारणीला आत सोडत नाहीत म्हणून मी बाकावर बसून होते. दोन तास.”

बकुळा टेकली. “तू सांगितलं न्हाईस कधी.”

“काय सांगणार? घरमालकाला मामेबहीण म्हणून सांगितलं, बापूंना मैत्रीण म्हणून सांगितलं. जालिंदरला काही सांगावंच लागलं नाही, तो आपला ‘जे काही’ म्हणून मोकळा. सगळ्यांना सोयीचं झालं. मलाही झालं. तुझ्या तोंडाकडे बघायचं सोडून मी विहिरींवर आणि टाक्यांवर बोलत बसले. आणि आता कुणीतरी कागद देतं, त्यावर तुला गोंगाट म्हणतं, आणि तू म्हणतेस, कर सही.”

काचेपलीकडे तगारे चुळबुळत उठायला लागले. केतकीने त्यांच्या दंडाला धरून खाली बसवलं. पडद्यावर या वेळी ‘अभिनय’ उमटलं नव्हतं, पण ती पडद्याकडे बघतच नव्हती.

इंदुमतीने मान वर केली. श्वास घेतला, तो मधेच अडला, आणि तिने तो अडलेलाच राहू दिला.

“तू माझी मैत्रीण नाहीस, बकुळे. बावीस वर्षं मी तुझ्याशी संसार केलाय.”